ह्याच पुढाऱ्याला परत पाठिंबा द्यायचा का? हे ठरवणं एवढं अवघड का जातं

निवडणूक जवळ आली की बेळगावातल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, "पाच वर्षांत केलं काय ह्यानं?" दुसरा म्हणतो, "मग दुसरा आहे कोण, ते सांग की!" वाद तिथंच थांबतो, कारण दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत असतं.

खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मागच्या हिशेबाचा, दुसरा पुढच्या निवडीचा. पुढाऱ्यानं काम बरं केलं असेल, तरी त्याच्याहून लायक माणूस समोर उभा राहिला तर पाठिंबा बदलण्यात बेइमानी नाही. उलट त्यानं पार निराशा केली असेल, पण समोरचा त्याहून बेभरवशाचा असेल, तर मन मारून जुन्यालाच मत देणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिलं की चर्चा गोल गोल फिरते.

सीमाभागात, म्हणजे कर्नाटकातल्या ह्या मराठी पट्ट्यात, त्यात तिसरा प्रश्न मिसळतो: "हा आपला आहे का?" बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या मराठी माणसाच्या दृष्टीनं हा प्रश्न खोटा नाही, फालतू तर नाहीच. अडचण अशी, की त्याचं उत्तर "होय" आलं की पहिले दोन प्रश्न आपण विचारायचेच सोडून देतो. मला जे म्हणायचंय ते एवढंच: सीमाप्रश्नाला, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात जावा ह्या मागणीला, पाठिंबा आणि सीमाप्रश्नाचं नाव घेणाऱ्या पुढाऱ्याला पाठिंबा, ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची जमा दुसऱ्यात दाखवू नये. ते का जमत नाही, हे जरा उकलून बघूया.

काम कुणाचं, फोटो कुणाचा

वडगावातली एखादी विणकरांची गल्ली घ्या. दिवसभर मागांचा खडखडाट, मधोमध नवं काँक्रीट, कडेला झाकलेलं गटार. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स: वर हात जोडलेले आमदार, खाली नगरसेवक, त्याच्याही खाली पासपोर्टएवढ्या चौकटीत गल्लीतले कार्यकर्ते. फ्लेक्सच्या मागं कुठंतरी, खांबाला टेकून, कामाचा सरकारी फलक असतो. तो कन्नडमध्ये. कामाचं नाव, अंदाजे खर्च, कंत्राटदार आणि काम कुठल्या अनुदानातून झालं, हे त्यावर लिहिलेलं असतं. गल्लीतल्या आजोबांना तो वाचता येत नसेल, पण मराठी शाळेत जाणाऱ्या नातवालाही कन्नड असतंच. त्याच्याकडून अनुदानाची ती एक ओळ वाचून घ्यावी. फ्लेक्सपेक्षा ती जास्त बोलते.

पैसा स्मार्ट सिटीचा असू शकतो. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत बेळगाव आलं. ही कामं वेगळ्या कंपनीनं केली आणि तिचा कारभार मुख्यतः अधिकाऱ्यांच्या हातात होता. पैसा राज्याच्या नगरोत्थान योजनेतला असू शकतो, वित्त आयोगाचा असू शकतो, महापालिकेच्या स्वतःच्या घरपट्टीतला असू शकतो. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला दोन कोटी. मतदारसंघात दोन लाख मतदार धरले तर माणशी शंभर रुपये. तेवढ्यात रस्ते, गटारं, समाजमंदिरं, शाळेची छपरं सगळं बसवायचं म्हटलं तर ते शक्य नाही, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. खासदाराचे वर्षाला पाच कोटी असतात, पण ते आठ विधानसभा मतदारसंघांत वाटायचे.

मग आमदाराचं श्रेय शून्य का? तसंही नाही. कुठली गल्ली आधी, कुठली नंतर, ह्यात त्याचा शब्द चालतो. अधिकाऱ्याला फोन करून फाईल हलवणं हेही काम आहे. फक्त ते मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यावर दावा करणं सगळ्यात सोपं.

खानापूर तालुक्याची तऱ्हा आणखी वेगळी. तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात. म्हणजे नंदगडचा किंवा जांबोटीचा माणूस जिल्ह्याच्या कामाला बेळगावला येतो आणि त्याचा खासदार लांबच्या कारवार-शिरसीचाही खासदार असतो. त्या खासदाराला तोलायचं म्हटलं तर आधी तो दिसायला तरी पाहिजे.

ह्याच तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. आमगाव, गवाळी, कृष्णापूर ही गावं त्या जंगलात. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावरून न्यायची वेळ येते, आणि दर वेळी लोक विचारतात, आमदार करतात काय? रास्त राग आहे. पण अभयारण्यातून पक्का रस्ता किंवा पूल काढायचा तर वनखातं, वन्यजीव कायदा आणि वरच्या मंजुऱ्या पार कराव्या लागतात. आमदाराच्या सहीनं तो रस्ता होत नाही. तेव्हा "रस्ता झाला का?" एवढंच विचारून त्याला नापास करणं हा अर्धा न्याय झाला. प्रस्ताव कधी पाठवला, तो कुठल्या टेबलावर अडला, विधानसभेत त्यावर प्रश्न किती वेळा विचारला, हे विचारलं तर त्याच्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं काढता येतं. रस्ता नसतानाही ज्याच्याकडं ह्या तिन्हीची उत्तरं आहेत, तो मला उद्घाटनाचे नारळ फोडत फिरणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

पाऊस पडला, पुढारी पडला

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या. बेळगाव जिल्ह्यानं असा पूर कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्या वेळी कर्नाटकात येडियुरप्पा मुख्यमंत्री होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि मंत्रिमंडळात दुसरं कुणी नव्हतंच. विस्तार झाला २० ऑगस्टला. म्हणजे पुराच्या ऐन दिवसांत जिल्ह्याला पालकमंत्रीसुद्धा नव्हता.

आता ह्यात पुढाऱ्याचा दोष किती? पाऊस त्यानं पाडला नाही. पण मंत्रिमंडळाविना सरकार चालवणं ही राजकारणाची करणी होती. घर पूर्ण पडलं त्याला पाच लाख जाहीर झाले, हा निर्णय सरकारचा. आणि कुणाचं घर "पूर्ण पडलेलं" आणि कुणाचं "थोडं पडलेलं" हे ठरवायला आलेले इंजिनिअर आणि पंचायतीचे लोक ही तिसरीच पायरी. मातीच्या चार भिंतींपैकी दोन बसल्या, छप्पर एका बाजूला लोंबतंय. हे घर कुठल्या वर्गात घालायचं? कागदावरच्या वर्गाच्या त्या एका अक्षरावर काही लाखांचा फरक पडत होता. त्या माणसाच्या लेखी सरकार म्हणजे ते अक्षर. पुढाऱ्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते: त्यानं सगळ्यांच्या यादीसाठी आग्रह धरला, की आपल्या दहा घरांपुरता?

पाऊस आणि मतदान ह्यांचा ताळा घालून भारतातल्या विधानसभा निवडणुकांचा अभ्यास झालेला आहे. त्यात दिसलं ते असं: पाऊस फार कमी किंवा फार जास्त झाला की सत्ताधारी पक्षाची मतं घटतात. म्हणजे लोक नशिबाची शिक्षाही पुढाऱ्याला देतात. सरकारनं मदत जोरात केली तर ही घट थोडी भरून निघते, पूर्ण नाही. आणि मतावर परिणाम होतो तो मुख्यतः निवडणुकीच्या आधीच्या वर्षातल्या पावसाचा आणि मदतीचा. त्याच्या आधीचं लोक विसरून जातात.

आपल्याकडं शेवटच्या वर्षातच डांबर का पडतं, ह्याचं उत्तर ह्यात आहे. ते पुढाऱ्याचं लबाडपण आहेच, पण आपल्या विसराळूपणाचा त्यानं बांधलेला अचूक अंदाजही आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली की आपण कावळ्याला शिव्या तरी देतो नाहीतर नमस्कार तरी करतो. फांदी आधीपासून कुजलेली होती का, हे बघायला झाडाखाली पाच वर्षं लक्ष ठेवावं लागतं.

जो प्रश्न सुटतच नाही, त्याच्या पुढाऱ्याला मोजायचं कसं

आता मुख्य गाठीकडं. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून त्या तारखेला शहराच्या एका भागात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या भागात काळा दिन पाळला जातो. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरला अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्रानं ती फेटाळली. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांसाठी दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर लोक जमतात. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ८६५ गावांची मागणी आजही उभी आहे आणि निकाल अजून लागायचाय.

ह्या साखळीत बेळगावातल्या पुढाऱ्याच्या हातात काय होतं? राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेला दिलाय. दावा लढतंय महाराष्ट्र सरकार. तारीख देतं न्यायालय. म्हणजे ह्या मागणीसाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कुठलाही पुढारी, तो कितीही कर्तबगार असो, सीमाप्रश्न सोडवू शकत नाही. त्याचा अर्थ असाही होतो, की कुठलाही पुढारी, तो कितीही नाकर्ता असो, त्यात नापास ठरू शकत नाही. ध्येय इतकं मोठं आणि इतकं दूरचं असलं की त्याच्या सावलीत कामचुकारही उभा राहतो आणि प्रामाणिकही. लांबून दोघं सारखेच दिसतात.

उमेदीच्या वयात लाठ्या खाल्लेली, तुरुंगात गेलेली माणसं आपल्यात आहेत. त्यांच्याबद्दल आदर असावाच. पण "त्यांनी लाठ्या खाल्ल्या" हे आदराचं कारण आहे. पुढच्या पाच वर्षांच्या पाठिंब्याचं कारण व्हायला आणखी काहीतरी लागतं. आपल्याला हे बोलणं जड जातं, कारण त्यात कृतघ्नपणाचा वास येतो. शिवाय आपणही त्या माणसाच्या मागं किती वर्षं घालवली, किती मोर्चे, किती वर्गण्या, हे आठवतं. आता सोडलं तर ते सगळं वाया गेलं असं वाटतं. ते वाया जाणार असेल तर ते आधीच गेलेलं आहे. आणखी पाच वर्षं घातल्यानं परत येणार नाही.

मग मोजायचं काय? जे त्याच्या हातात आहे ते. संघटना एकत्र ठेवणं हातात आहे. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला समितीतल्या गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले आणि विधानसभेत एकही गेला नाही. २०२३ लाही नाही. भाजप-काँग्रेसनं मराठी उमेदवार दिले, पैसा ओतला, तरुणांना हिंदुत्वाचं किंवा नोकरीचं आकर्षण वाटलं, ही कारणं खरी आहेत आणि हाताबाहेरची आहेत. गटबाजी मात्र कुणी बेंगळूरहून पाठवली नव्हती.

भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा पाठपुरावाही हातात आहे. घटनेचं ३५०-अ कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल बोलतं, ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी असतो. सीमाप्रश्नाचा निकाल काहीही लागो, तोपर्यंत मराठी शाळेला शिक्षक मिळाला का, सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून किती अर्ज केले, त्यांचा पाठलाग कुणी केला, हे विचारता येतं. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात भगवे फेटे नाहीत, घोषणा नाहीत. म्हणूनच ते कोण करतो हे बघण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आंदोलनानंतर पोरांवर गुन्हे दाखल होतात. डिसेंबर २०२१ मध्ये पुतळ्यांच्या विटंबनेवरून शहर पेटलं, तेव्हाही झाले. भाषण पुढाऱ्याचं असतं, एफआयआरमध्ये नाव मात्र वीस-बावीस वर्षांच्या पोराचं येतं. नंतर त्याला पासपोर्ट काढताना, नोकरीच्या पडताळणीत ती केस आडवी येते. महिन्या-दीड महिन्यानं कोर्टाची तारीख. त्या कोर्टाच्या बाहेरच्या बाकड्यावर, फोटोग्राफर नसताना, त्या पोराशेजारी कोण बसलेलं असतं? वकिलाची फी कोण भरतं? दोन वर्षांनी सुद्धा? हे गल्लीतल्या लोकांना पक्कं माहीत असतं, फक्त ते मतदानाच्या हिशेबात धरलं जात नाही.

हीच मोजपट्टी पलीकडच्यांनाही लावावी. समिती सोडून राष्ट्रीय पक्षात गेलेल्या मराठी पुढाऱ्यांबद्दल त्यांचे कार्यकर्ते सांगतात, "साहेब आतून प्रयत्न करूलालेत की, बाहेर दिसत नाही एवढंच." असेलही. पण ह्या वाक्याची गंमत बघा. काम झालं तर साहेबांनी आतून केलं. नाही झालं तर साहेब आतून लढतायत. काहीही घडलं तरी वाक्य खरंच राहतं. जे वाक्य खोटं पडूच शकत नाही, त्यातून माणसाबद्दल काहीच कळत नाही. दावा असा मागावा जो फसू शकतो: अमुक शाळा, अमुक कागद, अमुक तारीख.

महाराष्ट्रातल्या नेत्यांनाही सोडायचं कारण नाही. २०२२ च्या डिसेंबरात चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे दोन मंत्री बेळगावला येणार असं जाहीर झालं. ३ तारीख ठरली, ती ६ वर गेली, आणि दौरा झालाच नाही. कर्नाटकानं विरोध केला होता, तणाव होता, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, हे सगळं खरं. १४ डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावलं, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली, आणि २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळानं ठराव केला. ठराव करणं सोपं असतं. त्या सहा मंत्र्यांच्या समितीनं पुढं सीमाभागातल्या माणसासाठी नेमकं काय केलं, हे महाराष्ट्रातून मत मागायला किंवा भाषण करायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं. येतात तेव्हा आपण हार घालतो आणि प्रश्न राहून जातो.

मयताला येणारा माणूस

शिकलेली माणसं हसतात: "आमचे लोक पुढाऱ्याचं काम बघत नाहीत, लग्नाला आला का, मयताला आला का हे बघतात." मी हसत नाही. घरात कुणी गेलं आणि पुढारी दारात येऊन दहा मिनिटं बसला, तर त्यातून एक खरी माहिती मिळते: हा माणूस पोचतो. रात्री जिल्हा रुग्णालयात बेड मिळत नसेल तर हा फोन उचलेल. ज्याला कन्नडमध्ये अर्ज लिहिता येत नाही, कचेरीत दोन शब्द बोलता येत नाहीत, त्याच्या दृष्टीनं फोन उचलणारा माणूस ही चैनीची बाब नाही.

घोळ पुढं होतो. एका घराची नड भागवणं आणि सगळ्यांची व्यवस्था लावणं ह्या दोन वेगळ्या क्षमता आहेत. दवाखान्यात बेड मिळवून देणारा पुढारी चांगला. पण वीस वर्षं तोच फोन करावा लागत असेल तर त्यानं दवाखान्याची व्यवस्था सुधारली नाही हेही त्यातूनच दिसतं. काहींच्या बाबतीत तर व्यवस्था सुधारली तर फोन येणं बंद होईल, हीच भीती असावी. पोचणारा कोण, हे हलगा-मच्छे बायपासच्या वेळी दिसलं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या पिकाऊ शिवारातून रस्ता जाणार म्हणून शेतकरी कोर्टात गेले, शिवारात उभे राहिले. निर्णय महामार्ग प्राधिकरणाचा, पुढाऱ्याच्या हातात थोडंच. पण पोलीस बंदोबस्तात जेसीबी शिवारात आला त्या दिवशी बांधावर कोण आलं आणि कुणाचा फोन बंद होता, हे तिथल्या लोकांना आजही विचारलं तर नावानिशी सांगतील.

निकाल म्हणजे न्याय नव्हे

"लोकांनी निवडून दिलंय, म्हणजे लोकांनी माफ केलंय," असं पुढारी म्हणतात. ह्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेस-जेडीएसच्या सतरा आमदारांना विधानसभाध्यक्षांनी अपात्र ठरवलं. त्यांत गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील हे तिघं बेळगाव जिल्ह्यातले. सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढायला मुभा दिली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघंही भाजपकडून निवडून आले. २०२३ ला गोकाकमध्ये जारकीहोळी टिकले, अथणीत आणि कागवाडमध्ये बाकीचे दोघं पडले. आता पक्षांतराबद्दल लोकांचा निकाल काय म्हणायचा? कृती एकच, मतदार तेच, आणि निकाल वेगवेगळे. मधल्या काळात समोरचा उमेदवार बदलला, राज्यातली हवा बदलली, जातीची गणितं हलली. मत एकच असतं आणि त्यात दहा कारणं कोंबलेली असतात.

कधी कधी तर मत माणसाला नसतंच. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, १९८५ च्या विधानसभेला बेळगाव शहरात ३०१. प्रश्नाकडं देशाचं लक्ष वेधायचं, हा त्यातला हेतू. १९९६ मध्येच देशभर अनामत रक्कम लोकसभेसाठी पाचशेवरून दहा हजारांवर नेली गेली. अलीकडचं बघायचं तर एप्रिल २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखावर मतं पडली. भाजपचा विजय पाच हजारांच्या आसपास मतांनी झाला. पाच महिन्यांनी महापालिकेत मात्र ५८ पैकी ३५ जागा भाजपला आणि समितीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोकसभेचा मतदारसंघ शहरापेक्षा खूप मोठा, त्यामुळं तुलना सरळ नाही. तरी एवढं दिसतं की निशाण दाखवायला दिलेलं मत आणि गटार साफ करायला दिलेलं मत लोक वेगळं ठेवतात. समितीच्या पुढाऱ्यांनी पहिल्यावरून आपली ताकद मोजली आणि दुसऱ्यात हात भाजून घेतले.

आपल्यातलं बाहेर कसं बोलायचं

अल्पसंख्य समाजाची एक जादा अडचण असते. आपल्याच पुढाऱ्यावर बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, "काय बोलूलालाय तुम्ही? समोरच्यांना आयतं कोलीत देताय." ही भीती निराधार नाही. पण तिचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होतो? ज्याला हिशेब द्यायचा नसतो त्याला. हुतात्मा दिनाच्या व्यासपीठावर हा विषय काढू नये, मान्य. मग तो काढायची दुसरी जागा तरी पाहिजे: वार्षिक बैठक, जमाखर्चाचं वाचन, पदाची मुदत. गल्लीतली पतसंस्था सुद्धा वर्षाला सभा घेऊन ताळेबंद छापते आणि सभासद अध्यक्षाला उभं करून विचारतात. जी संघटना आपल्या माणसांना आत बोलू देत नाही, तिची माणसं एक दिवस न बोलता निघून जातात, आणि मतमोजणीच्या दिवशी ते कळतं.

प्रश्न विचारायचा तर वेळही बघावी लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांना महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. घटनेनुसार महापालिकेची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून धरतात. तेव्हा "एवढी वर्षं झाली, काय केलंत?" असं विचारलं की नगरसेवक सभागृहच नव्हतं म्हणून सुटतो, आणि त्याचं काही अंशी बरोबरही असतं. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. तिथं पाठिंबा द्यायचा की काढायचा हा प्रश्नच लोकांपर्यंत येत नाही; कारभार अधिकाऱ्यांचा.

निवडणुकीची वाट न बघता करण्यासारखं एक काम आहे. उमेदवारानं अर्जासोबत दिलेलं मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मागचं आणि आताचं शेजारी ठेवून वाचावं. आमदार निधीतून कुठल्या कामाला किती दिले, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा असं कायदा म्हणतो, म्हणजे बेळगावात मराठी अर्ज परत येऊ शकतो. कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून घ्यावा किंवा हिंदीत द्यावा. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. नाही आलं तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडं अपील, त्यालाही मुदत तीसच दिवसांची. ग्रामपंचायत असेल तर हाच प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारता येतो, आणि तिथं तो मराठीत विचारला तरी समोर बसलेल्या अर्ध्या लोकांना कळतो.